सावित्री की कसांड्रा? एकांकिका निवडणाऱ्यांसाठी

पुढचं कळलेली राजकन्या नशिबाला आडवी जाते, असा विषय महिला मंडळाच्या एकांकिकेसाठी ठरला की माझ्या मते दोनच कथांचा विचार करावा. एक आपली सावित्री, दुसरी ग्रीक कथांमधल्या ट्रॉय नगरीची राजकन्या कसांड्रा. बेळगावात मी दोन्हींच्या तालमी घेतल्या आहेत. कथा तुम्हाला ठाऊक आहेत असं धरून लिहितो.

आधी कसांड्राची बाजू. भविष्य तिला स्वतःला दिसतं. सावित्रीला ते नारदाच्या तोंडून कळतं. त्या अर्थाने खरी द्रष्टी कसांड्राच. ग्रीक नाटककार इस्किलसच्या 'अगामेम्नॉन' नाटकात (इ.स.पू. 458) ट्रॉय जिंकून परतलेला राजा अगामेम्नॉन तिला बंदी करून आणतो. त्याची राणी बोलावते तरी ती रथात गप्प बसून राहते आणि मग एकदम अपोलो देवाच्या नावाने टाहो फोडते. शेवटी काठी आणि गळ्यातल्या माळा फेकून देते अन् आत मरण आहे हे माहीत असताना आपल्या पायांनी राजवाड्यात शिरते. चांगली नटी असेल तर हा प्रवेश अंगावर येतो.

माझं अडलं ते समोरच्या नटापाशी. कसांड्राचं कुणाला पटायचंच नाही, असा तिला अपोलोचा शाप. त्यामुळे समोरच्याने गोंधळायचं, कीव करायची, यापलीकडे त्याला काम नाही. उत्तर येत नाही म्हणून मुलगी आवाज चढवते. दुसऱ्या तालमीला आणखी चढवते. मधलं सगळं एकाच पट्टीत जातं. तालमीला बसलेल्या एक काकू शेवटी म्हणाल्या, "हिचं कोण ऐकंनाच, मग आमी काय म्हणून ऐकायचं?" त्यांचं म्हणणं मला खोडता आलं नाही. शिवाय अपोलो कोण, ट्रॉयचं काय झालं, हे निवेदनात सांगत बसावं लागतं.

सावित्रीचीही अडचण आहे. आपल्याकडे वटपौर्णिमा आणि कर्नाटकी बेंदूर (बैलांचा सण) एकाच ज्येष्ठ पौर्णिमेला. कन्नड बोलणाऱ्या शेजारणींनाही कथा सांगावी लागत नाही. पण वड दिसला की प्रेक्षक हात जोडतात आणि तिची हुशारी बाजूला राहते. म्हणून पूजेचा प्रवेश सरळ गाळावा. महाभारतातल्या वनपर्वात जे आहे तेवढं पुरतं: वर्षभराने नवरा जाणार हे लग्नाआधीच कळूनही ती त्यालाच वरते आणि घरात कुणाला काही बोलत नाही. दिवस उजाडतो तेव्हा सासू-सासऱ्यांची परवानगी काढून त्याच्याबरोबर रानात जाते.

आणि यम ऐकतो! इथेच पारडं फिरतं, निदान माझ्यापुरतं तरी. ती बोलते, तो खूश होतो, वर देतो, चार पावलं पुढे जातो, ती परत मागे. सासऱ्यांची दृष्टी, मग त्यांचं राज्य, मग वडिलांना शंभर मुलगे, मग सत्यवानापासून स्वतःला शंभर. हा चौथा वर देऊन बसला की यमाची पंचाईत. प्रत्येक वराला दोन्ही नटांची देहबोली बदलते, रडारड लागत नाही. सत्यवान उठल्यावर ती फळांची टोपली फांदीला अडकवते, कुऱ्हाड स्वतः घेते आणि त्याचा हात खांद्यावर टाकून निघते. एवढं जरी नीट बसवलं तरी बाई कशी आहे ते कळतं.

तुमच्याकडे दमदार आवाजाची, गप्प बसूनही रंगमंच धरून ठेवणारी मुलगी असेल तर कसांड्रा जरूर करा. नसेल तर सावित्री घ्या, आणि यमासाठी मात्र ऐकता येणारा नट शोधा.