इंधनखर्च सांगणारे ॲप: पुण्याला चालले, महाबळेश्वरला चुकले

सहा महिन्यांपासून मी फोनवर इंधनखर्चाचा अंदाज देणारे एक मोफत ॲप वापरतो आहे. अंतर, गाडीचे मायलेज आणि पेट्रोलचा दर भरला की ते रक्कम दाखवते. एवढा हिशेब कागदावरही होतो, त्यामुळे पाहायचे ते इतकेच, की त्याची रक्कम आणि पंपावर मोजलेली रक्कम यांत फरक किती पडतो.

सातारा-पुणे जाऊन-येऊन २२० किलोमीटर, मायलेज १८ आणि दर १०५ रुपये धरून ॲपने १,२८३ रुपये सांगितले. जाताना बोगदा होता, येताना खंबाटकीचा चढ; तरीही परतल्यावर टाकी भरली तेव्हा १,३२० रुपयांचे पेट्रोल बसले. आनेवाडी आणि खेड शिवापूरचा टोल मात्र आपला आपण मिळवावा लागतो.

महाबळेश्वरला हेच गणित फसले. मेढा-केळघर मार्गे जाऊन-येऊन ११० किलोमीटरला अंदाज ६४२ रुपयांचा होता आणि लागले ७५०. महाबळेश्वर साताऱ्यापेक्षा सुमारे सहाशे मीटर उंच आहे. माणसांसह तेराशे किलोची गाडी तेवढी वर चढवायला सपाट रस्त्याच्या खर्चावर पाऊण ते एक लिटर पेट्रोल जादा जळते, आणि उतरताना त्यातले जे ब्रेक तापवण्यात जाते ते परत मिळत नाही. ॲपमध्ये चढासाठी रकानाच नाही. त्यामुळे मी आता दोन मायलेज लिहून ठेवली आहेत, महामार्गाला १७.५ आणि घाटाला १५.४. कंपनीचा आकडा प्रयोगशाळेतल्या चाचणीचा असतो, तो भरलात तर अंदाज याहूनही फसवा येईल.

ॲपचा खरा उपयोग त्यातल्या नोंदवहीचा आहे. दर वेळी टाकी पूर्ण भरून लिटर आणि किलोमीटर लिहिले की खरे मायलेज निघते. फक्त नोजल आपोआप बंद झाले की तिथेच थांबायचे, "साहेब, तेराशे पूर्ण करू का?" या आग्रहाला होकार दिला की नोंद बिघडलीच.

बचतीच्या सूचना मात्र परक्या मुलखातून उचललेल्या वाटतात. गरज नसताना हीटर बंद ठेवा, हे साताऱ्यात कोणाला सांगायचे? उलट घाट उतरताना गाडी न्यूट्रल करू नये, याचा उल्लेखही नाही. गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की हल्लीच्या इंजिनात पेट्रोल जाणेच थांबते; न्यूट्रलमध्ये ते जळत राहते आणि सगळा भार ब्रेकवर येतो.

गेल्या महिन्यात टपावरचे कॅरिअर काढले, गाडी थंड असताना टायरची हवा पाहून घेतली आणि पुण्याला जाता-येता काटा ऐंशीच्या वर जाऊ दिला नाही. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने शंभरऐवजी ऐंशीला तो ३६ टक्क्यांनी कमी होतो. पोहोचायला एका बाजूला दहा-बारा मिनिटे जास्त लागली, पण त्याच दराने टाकी १,१९० रुपयांत भरली आणि नोंदवहीत मायलेज १९.४ उमटले.