बीटलच्या इंजिनाची चालती प्रतिकृती : वर्गात बरेच महिने वापरल्यावर

फोक्सवॅगन बीटल गाडीच्या चार सिलिंडरच्या बॉक्सर (दोन-दोन सिलिंडर समोरासमोर आडवे असलेल्या) इंजिनाची ही १:४ प्रमाणातली पारदर्शक प्रतिकृती मी गेल्या दिवाळीच्या सुट्टीत जोडली. तेव्हापासून ती आमच्या आयटीआयच्या वर्गात टेबलावर आहे. मी मोटार मेकॅनिक ट्रेडचा शिल्पनिदेशक. भाचा जर्मनीहून येताना संच घेऊन आला. हे पेट्रोलवर चालणारं इंजिन नाही; बॅटरीवरची छोटी मोटर क्रँक (पिस्टनना जोडलेला मुख्य दांडा) फिरवते आणि आत पिस्टन, व्हॉल्व्ह, कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), पंखा सगळं खरोखर हलतं. प्लगच्या जागी छोटे लाल दिवे आहेत. शोकेसमध्ये ठेवायला घ्यायचं असेल तर महाग आहे. पण टायमिंग, म्हणजे व्हॉल्व्ह आणि स्पार्कच्या वेळा, शिकवायला याच्याइतकं उपयोगी साधन माझ्या हातात अजून आलेलं नाही. अट एकच, मोटर बंद ठेवून ते हाताने फिरवायचं.

आधी जोडणीबद्दल. भाग दोनशेच्या आसपास आहेत. संचातला पेचकस बाजूला ठेवा आणि चांगला फिलिप्स घ्या. स्क्रू थेट प्लॅस्टिकमध्ये आटे पाडत जातात. काढलेला स्क्रू पुन्हा लावताना तो आधी हलकेच उलटा फिरवायचा, जुन्या आट्यात टक् करून बसला की मग सुलटा. ही सवय नसेल तर दोन-तीन खोलण्यांत आटे जातात. आमच्याकडे मुलांनी हे इंजिन अनेकदा उघडलं आणि जोडलं, क्रँककेसचे (इंजिनाच्या मुख्य कवचाचे) आटे अजून शाबूत आहेत.

खऱ्या बीटलसारखेच या क्रँककेसचेही उभे दोन अर्धे भाग आहेत. क्रँक आणि कॅम एका अर्ध्यात ठेवायचे, मग दुसरा अर्धा वर बसवायचा. क्रँकच्या गिअरवर दोन ठिपके, कॅमच्या गिअरवर एक. तो एक ठिपका त्या दोघांच्या मधोमध आला की टायमिंग बसलं. खऱ्या इंजिनातही खूण अशीच असते, आणि तिथेही कॅम बदलायचा तर अख्खं क्रँककेस दोन फाकांत उघडावं लागतं. पुस्तकात हे एका ओळीत येतं. हाताने एकदा केलं की मुलं पुन्हा विचारत नाहीत.

आता कॅमबद्दल, कारण माझ्या मते संचाची निम्मी किंमत तिथेच वसूल होते. आमच्या वर्कशॉपमध्ये स्टँडवर प्रीमियर पद्मिनीचं इंजिन आहे, १०८९ सीसीचं. त्याच्या कॅमवर व्हॉल्व्हसाठी आठ लोब (उंचवटे) आणि फिरवायला टायमिंग चेन. मुलं त्यावर टॅपेट (लोबचा धक्का व्हॉल्व्हकडे नेणारे भाग) सेट करून तरबेज झालेली. त्यांच्यापुढे बीटलचा कॅम ठेवला. एका मुलीने तो बोटांत फिरवून मोजला, पुन्हा मोजला आणि म्हणाली, "सर, व्हॉल्व्ह आठ आणि लोब चारच? बाकीचे कुठे गेले?"

मी उत्तर दिलं नाही. एका बाजूचं झाकण काढून क्रँकची पुली तिलाच फिरवायला दिली. एक नंबरच्या सिलिंडरचा इनटेक व्हॉल्व्ह उचलला गेला. क्रँक पूर्ण एक वेढा फिरला, म्हणजे कॅम अर्धा, आणि तोच लोब पलीकडच्या टॅपेटखाली जाऊन त्याने तीन नंबरचा इनटेक उघडला. समोरासमोरचे दोन सिलिंडर एकच लोब वाटून घेतात. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-४-३-२, म्हणजे एक आणि तीनमध्ये बरोबर ३६० अंशांचं अंतर. म्हणून हा हिशोब जमतो. पद्मिनीत १-३-४-२ आहे आणि सगळे सिलिंडर एका रांगेत, तिथे असं करायला जागाच नाही. पुढे एकाने न सांगता टिपलं की इथे गिअर थेट गिअरला लागतो, त्यामुळे कॅम क्रँकच्या उलट फिरतो. चेनवाल्या पद्मिनीत दोन्ही एकाच दिशेने फिरतात. परीक्षेत असले प्रश्न येत नाहीत, पण इंजिन कळलेला मेकॅनिक नेमका असल्या ठिकाणी ओळखू येतो.

मोटर लावून इंजिन सोडलं की बघायला छान वाटतं, दिवे लुकलुकतात, आवाजाचा भागही आहे. दोन मिनिटांत वर्गाचं लक्ष उडतं. मी मोटरचा गिअर सुटा करून ठेवलाय. पुलीवर कागदाची पट्टी चिकटवून अंशांच्या खुणा केल्यात. एक मुलगा पुली फिरवतो, बाकीचे फळ्यावर तक्ता भरतात : एक पॉवरवर तर चार कॉम्प्रेशनवर, तीन सक्शनवर, दोन एक्झॉस्टवर. तीन नंबर टीडीसीला (पिस्टन हेडकडच्या टोकाला) आला की मी थांबवतो आणि विचारतो, हा फायरिंगचा टीडीसी की ओव्हरलॅपचा (दोन्ही व्हॉल्व्ह थोडे उघडे असतानाचा)? पिस्टन बघून सांगता येत नाही. मग सगळ्यांच्या नजरा रॉकरकडे, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या पट्ट्यांकडे वळतात. मला तेच हवं असतं.

या इंजिनाचं मला स्वतःला फार अप्रूप आहे. बीटलचे रचनाकार फर्डिनांड पोर्शे यांच्या कचेरीतल्या फ्रांझ राइमश्पीस यांनी ते तीसच्या दशकात आखलं. शेवटची बीटल ३० जुलै २००३ रोजी मेक्सिकोतल्या प्वेब्लाच्या कारखान्यातून बाहेर पडली, एकूण २ कोटी १५ लाख २९ हजार ४६४ वी. इतकी वर्षं मूळ मांडणी तीच : हवेने थंड होणारं, रेडिएटर नाही, वॉटर पंप नाही. पुढे आलेल्या ११९२ सीसी इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ७७ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनचा प्रवास) फक्त ६४. पद्मिनीचं उलट, ६८ आणि ७५. बीटलचा पिस्टन रुंद आणि त्याचा प्रवास आखूड. ३४ अश्वशक्ती ते ३६०० आरपीएमलाच देतं, पिस्टनला धावपळ कमी, म्हणून ते दमत नसे.

पंख्याचं आवरणही पारदर्शक असल्यामुळे हवेचा रस्ता दिसतो. पंखा डायनामोच्याच शाफ्टवर. म्हणजे बेल्ट तुटला की चार्जिंगही गेलं आणि कूलिंगही. डॅशबोर्डवर लाल दिवा लागला की बीटलवाल्याने जागीच थांबायचं, ते यासाठी. जुन्या रचनेत ऑइल कूलर आवरणाच्या आत, तीन नंबरच्या सिलिंडरच्या वाटेत उभा असे, त्यामुळे त्या सिलिंडरला मिळणारी हवा आधीच तापलेली. १९७१ च्या मॉडेलपासून कूलर बाजूला सरकवला गेला. प्रतिकृतीत कूलर हा नुसता साच्यातला तुकडा आहे, तरी त्याची जागा पाहून मुलांनी तीन नंबर जास्त का तापतो ते स्वतःच सांगितलं.

जिथे ही प्रतिकृती फसवते तेही सांगायला हवं. दिवा टीडीसीला लागतो, खरा स्पार्क थोडा आधी पडतो. लोब गोलसर आहेत, त्यामुळे व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याच्या खऱ्या वेळा यावरून काढायच्या नाहीत. कॉम्प्रेशन नाही, तेल नाही, उष्णता नाही. टॉर्क रेंच, टॅपेट क्लिअरन्स, बेअरिंगचा खेळ, यासाठी पद्मिनीला पर्याय नाही. मी दोन्ही शेजारी ठेवतो. नुसत्या प्रतिकृतीवर शिकलेला मुलगा गॅरेजमध्ये पहिल्याच दिवशी नट तोडेल.

टिकाऊपणाबाबत संमिश्र अनुभव. बेल्ट म्हणून आलेली रबरी रिंग उन्हाळ्यात सैल पडली आणि पंखा घसरायला लागला. हार्डवेअरच्या दुकानातली ओ रिंग बसवली, ती मूळ रिंगपेक्षा चांगली चालते. पिस्टन सुरुवातीला करकरत होते. सिलिकॉन ग्रीसचा पुसट हात दिला, आवाज गेला. साधं ग्रीस, पेट्रोल, थिनर यातलं काहीही लावू नका, पारदर्शक प्लॅस्टिकला बारीक तडे जातात. झटपट चिकटणारा गमही नको, त्याच्या वाफेने आसपासचा भाग पांढुरका होतो. आम्ही कोकणात असल्यामुळे पावसाळ्यात सेल काढून ठेवतो, नाहीतर पत्र्यांवर हिरवं चढतं. घरी पुसायला मऊ सुती कापड आणि साधं पाणी पुरतं.

एका एक्झॉस्ट व्हॉल्व्हची स्प्रिंग दमली, व्हॉल्व्ह पुरता मिटेना. सुटे भाग विचारायला विक्रेत्याला दोनदा मेल केला, उत्तर आलं नाही. बॉलपेनची स्प्रिंग थोडी कापून बसवली. कापलेलं टोक रॉकरच्या बाजूला ठेवलं तर ते अडकतं, म्हणून ते हेडच्या बाजूला घ्या. दोन जास्तीच्या स्प्रिंगा आता मी डब्यात ठेवून दिल्यात. नवीन संच घेणाऱ्यांनी पैसे देण्याआधी सुट्या भागांचं विक्रेत्याकडून लेखी घ्यावं.