कुलूप कोणी तोडलं? ‘जोडा’ बटणाचा सात महिन्यांचा अनुभव

परवा पोलीस ठाण्यातून फोन आला, म्हणून लिहायला बसलो. तालुक्याच्या साप्ताहिकात बातमीदारांची कॉपी नीट करणं हे माझं काम. त्यासाठी वाक्यं सुधारून देणारं एक अॅप घेतलं, वर्षाचे 1,800 रुपये एकदम भरून.

बातमीदाराने लिहिलं होतं, ‘चोरट्यांनी दुकानाचे कुलूप तोडले होते. पोलीस आत शिरले.’ तुकडे तुटक वाटले म्हणून ‘जोडा’ दाबलं. छापून आलं, ‘दुकानाचे कुलूप तोडून पोलीस आत शिरले.’ आता पुढच्या अंकात खुलासा द्यावा लागणार.

‘तोडून’मधला ‘ऊन’ प्रत्यय लावायचा तर दोन्ही क्रियांचा कर्ता एकच हवा, हे आम्ही शाळेत शिकलो. ‘आईने दिवा लावून पोथी उघडली’ यात दोन्ही कामं आईचीच. अॅप कर्ता बघतच नाही, अशी तक्रार केली. दोन उत्तरं आली, दोन्ही इंग्रजीत; दुसऱ्यात अॅप अपडेट करायला सांगितलं होतं. मराठीचे पैसे घेता, मग मराठी तक्रार वाचणारा माणूसही ठेवा की!

राग उतरल्यावर आमचेच जुने अंक चाळले. ‘झाड कोसळून तिघे जखमी’, ‘पाऊस पडून रस्ता खचला’. कोसळलं झाड, जखमी झाली माणसं. कर्ते वेगळे, तरी कानाला खटकत नाही. झाड काही ठरवून पडत नाही आणि त्याच्या पडण्यानेच माणसं जखमी होतात. कुलूप तोडणं हे मात्र कोणीतरी मुद्दाम केलेलं काम. ‘चोरट्यांनी’ गाळलं की ते थेट पोलिसांच्या अंगावर येतं. म्हणजे शाळेतला नियमही पुरा नव्हता आणि अॅपला हे शिकवणं मला वाटलं तितकं सोपं नाही. तक्रार तरीही मागे घेतलेली नाही. ‘चोरट्यांनी कुलूप तोडलेल्या दुकानात पोलीस शिरले’ इतकंच तर हवं होतं.

‘तोडा’ बटण मात्र सोन्यासारखं आहे. सभेच्या बातमीतलं चार ‘आणि’ असलेलं लांबलचक वाक्य त्याने तीन वाक्यांत आणलं, एकही नाव न गाळता. ‘जेव्हा पाहुणे आले तेव्हा वीज गेली’ यातलं पहिलं ‘जेव्हा’ ते आपणहून काढतं. रोजची निदान अर्ध्या तासाची मेहनत वाचते.

पुढच्या वर्षी 1,800 भरणार नाही. महिन्याचं पॅक 199 रुपयांना आहे, दिवाळी अंकाच्या दोन महिन्यांपुरतं तेच घेईन. ‘जोडा’ सेटिंगमध्ये जाऊन बंद करून ठेवलंय.