लंगोट की डायपर: दोन गणपतींमधला अनुभव

माझी मुलगी आषाढात पुण्यात जन्मली. तेव्हापासून तिच्या दुसऱ्या वर्षाच्या गणपतीपर्यंत आम्ही लंगोट आणि डायपर दोन्ही वापरले, आणि यांपैकी कशावर अधिक विसंबायचे हे ठरवायला आम्हांला जवळजवळ सव्वा वर्ष लागले. ज्यांच्या घरी येत्या काही महिन्यांत बाळ येणार आहे आणि ज्यांना एकीकडून घरातली वडीलधारी माणसे व दुसरीकडून बरोबरीचे मित्र परस्परविरुद्ध सल्ले देत आहेत, त्यांचा थोडा वेळ वाचावा म्हणून हे लिहीत आहे. डायपरची मापे आणि तो किती तासांनी बदलायचा ही माहिती पाकिटावर असते, तेव्हा ती येथे देत नाही. लंगोट म्हणजे मला जुन्या सुती साडीचे किंवा मलमलीचे चौकोनी तुकडे अभिप्रेत आहेत, जे त्रिकोणी घडी घालून बांधतात.

पावसाळ्यापासून सुरुवात करतो, कारण लंगोटांची खरी परीक्षा त्याच दिवसांत होते. नवजात बाळ दिवसाला सहज दहा-बारा लंगोट ओले करते. पुण्यात वर्षाला साधारण सातशे मिलिमीटरच पाऊस पडत असला तरी आषाढ-श्रावणात ऊन दिवसेंदिवस दिसत नाही, आणि गॅलरीतल्या दांडीवर सकाळी टाकलेला लंगोट संध्याकाळीही हाताला गार लागतो. अर्धवट वाळलेल्या कापडाचा कुबट वास आम्ही पहिले सहा आठवडे रोज अनुभवला. रात्री अकरा वाजता एकेक लंगोट इस्त्री करून कोरडा करणे हा माझ्या दिनक्रमाचा भाग झाला होता, आणि एवढे करूनही तिच्या मांडीच्या घडीत लालसर पुरळ उठलेच. सातव्या आठवड्यात आम्ही डायपर आणले, तेव्हा घरातल्या सर्वांनाच हायसे वाटले. पावसाळ्याच्या पहिल्या दोन महिन्यांत डायपर उजवा आहे, हे मी आजही मोकळेपणाने मान्य करतो.

या काळात एक गोष्ट मात्र लक्षात आली. आम्हांला भेट म्हणून बाजारातले तयार कापडी डायपरही मिळाले होते, ज्यांना बाहेरून पाणी न झिरपणारे अस्तर असते आणि आत जाड कापडाच्या घड्या घालाव्या लागतात. दिसायला ते देखणे होते. पण त्या जाड घड्या ओल्या हवेत दोन-दोन दिवस वाळत नसत. त्याउलट लंगोट उलगडला की कापडाचा एकच पदर उरतो, त्यामुळे पंख्याखाली तो रातभरात वाळतो. माझ्या आईच्या लहानपणी रत्नागिरी जिल्ह्यात, जिथे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्याही वर जातो, शेगडीवर बांबूची टोपली पालथी घालून तिच्यावर दुपटी-लंगोट वाळवत असत. हे कापड एका पदराचेच का ठेवत असत, याचे उत्तर मला त्या जाड घड्या वाळण्याची वाट पाहताना मिळाले.

थंडीविषयी फार लिहिण्यासारखे नाही. मार्गशीर्ष-पौषातल्या रात्री ओल्या लंगोटाने बाळ दचकून जागे होते, त्याच्याबरोबर आई जागी होते, आणि दिवसभर कामावर जाणाऱ्या किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईच्या झोपेची किंमत कोणत्याही बचतीपेक्षा मोठी आहे. आम्ही रात्री डायपरच वापरला आणि पुढेही तेच चालू ठेवले.

उन्हाळ्यात चित्र अगदी उलटते. चैत्र लागताच डायपरच्या कमरेच्या पट्टीखाली घामोळे येऊ लागले, आणि बालरोगतज्ज्ञांनीही मलमाआधी दिवसातून काही वेळ ती जागा मोकळी ठेवण्याचा सल्ला दिला. माझी बहीण नागपूरला असते. तिथे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास किंवा त्याही वर जातो. दोरीवर टाकलेला लंगोट अर्ध्या तासात कडक वाळतो आणि डायपर मात्र बाळाला दिवसा अंगावर नकोसा होतो. तिच्या घरी हा वाद झालाच नाही. येथे एक व्यावहारिक सूचना करतो: लंगोट वापरणार असाल तर कपडे मऊ करण्याचे सुगंधी द्रव त्यांच्या धुण्यात घालू नका. त्याचा थर कापडावर बसतो आणि कापड पाणी शोषेनासे होते. पुरळाचे दाट मलम लावले असेल तेव्हाही असेच होते, म्हणून त्या दिवसांसाठी दोन-चार जुने लंगोट वेगळे ठेवावेत.

आता धुण्याविषयी. लंगोटांची थोरवी सांगणाऱ्या बहुतेक पुरुषांनी एकही लंगोट धुतलेला नसतो, हे मला जरा स्पष्टच सांगितले पाहिजे. आमच्या आजीच्या काळी ते घरातल्या सुनांनी विहिरीवर किंवा मागच्या दारी धुतले, आणि त्या कष्टांचा हिशेब कोणी ठेवला नाही. आज बाळंतपणातून उठलेल्या पत्नीवर किंवा गुडघे दुखणाऱ्या आईवर ते काम टाकून कोणी लंगोटांचा आग्रह धरत असेल, तर त्याने विनातक्रार डायपर आणावेत असे माझे मत आहे. आमच्याकडे हे काम मी घेतले. शी झालेले लंगोट आधी वेगळे खंगाळायचे, बाकीचे बादलीत भिजवायचे आणि सकाळी गरम पाण्यात यंत्राला लावायचे, एवढे ठरवून घेतल्यावर रोजची वीस-पंचवीस मिनिटे लागत. खर्चाची तुलना मी जाणीवपूर्वक बाजूला ठेवतो, कारण पाणी, वीज आणि माणसाचा वेळ धरला की लंगोट फुकट पडतात असे म्हणता येत नाही.

असे असताना पारडे लंगोटाकडे का झुकले, तर कचऱ्यामुळे. पुण्यात असताना वापरलेला डायपर आम्ही दाराबाहेरच्या डब्यात टाकत होतो आणि तेथे तो विषय संपला असे समजत होतो. एके दिवशी कचरा घ्यायला येणाऱ्या ताई म्हणाल्या, ‘दादा, हे वेगळं बांधून देत जा, वेगळं करताना हाताला लागतं.’ मला अतिशय शरम वाटली. घनकचरा व्यवस्थापन नियम, 2016 ने असा कचरा नीट गुंडाळून देण्याची जबाबदारी घरावर टाकली होती, आणि पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने वर्तमानपत्रात गुंडाळून वर लाल ठिपका काढण्याची पद्धत कित्येक वर्षांपासून सांगितली आहे. त्या दिवसापासून आम्ही शी शौचालयात टाकून, डायपर कागदात गुंडाळून आणि लाल ठिपका काढून देऊ लागलो. शहरापुरता प्रश्न सुटल्यासारखा वाटला.

तो पुन्हा उभा राहिला तो गावी. आमचे घर रत्नागिरी जिल्ह्यातल्या संगमेश्वर तालुक्यात आहे आणि गणपतीला सात दिवस सगळे तेथे जमतात. पहिल्या वर्षी आम्ही डायपरची दोन मोठी पाकिटे घेऊन गेलो, आणि दुसऱ्याच दिवशी वापरलेले डायपर टाकायचे कुठे हा प्रश्न पडला. आमच्या वाडीत घंटागाडी येत नाही. ओला डायपर चुलीत जळत नाही. त्याचा काळा धूर होतो, आणि ज्या घरात मखर सजले आहे तेथे तो धूर कोणी करू देणार नाही. परसात पुरले तर रात्रीतून कुत्री उकरतात. शिवाय त्याच्या आत जी पाणी शोषणारी पूड असते ती पावसाचेही पाणी तितक्याच तत्परतेने शोषते, त्यामुळे बाहेर पडलेला डायपर फुगत जातो आणि प्लॅस्टिकच्या आवरणासह तसाच राहतो. घरामागच्या पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, असा एक फुगलेला डायपर दगडात अडकलेला मी पाहिला. तो कोणाच्या घरचा होता हे मला माहीत नाही, पण त्याच पऱ्याच्या खालच्या अंगाला आम्ही लहानपणी डुंबत होतो. सातव्या दिवशी गौरी-गणपतीचे विसर्जन झाल्यावर आम्ही सारे वापरलेले डायपर दुहेरी पिशवीत बांधून गाडीच्या डिकीत ठेवले आणि कुंभार्ली घाटातून पुण्याला परत आणले. खिडक्या उघडाव्यात तर पाऊस आत येत होता, आणि मागच्या आसनावर बाळ झोपले होते. त्या प्रवासात मी आणि पत्नीने जे ठरवले त्यात पुढे फारसा बदल झाला नाही.

पुढच्या वर्षी गणपतीला जाताना आम्ही चार डझन लंगोट नेले, आणि घाटातल्या प्रवासासाठी व रात्रींसाठी मोजके डायपर ठेवले. मागील दारच्या वलणीवर आणि पडवीत लंगोट वाळले. दोन दिवस ऊन अजिबात पडले नाही तेव्हा चुलीच्या उबेला वाळवले. परत आणायची पिशवी एवढीशी होती.

हा निर्णय सर्वांना लागू पडेल असे मी म्हणत नाही. पाळणाघरात ठेवायचे बाळ असेल तर तेथे बहुधा डायपरचाच आग्रह असतो, आणि तो रास्तही आहे. जुळी मुले असतील किंवा घरात पाण्याचा तुटवडा असेल, तर माझा अनुभव फारसा उपयोगी नाही. लंगोटावरच्या मुलांना शी-शूची जाणीव लवकर येते असे आई म्हणते; आमच्या मुलीने विसाव्या महिन्यात सांगायला सुरुवात केली खरी, पण एका मुलावरून तसा नियम काढणे मला योग्य वाटत नाही.

बाळ कोणत्या महिन्यात येणार आहे, याचा विचार मात्र अवश्य करावा. जून-जुलैचे बाळंतपण असेल तर पहिले आठ-दहा आठवडे डायपर बिनदिक्कत वापरावेत, आणि दसऱ्याच्या सुमारास ऊन स्थिर झाले की दिवसा लंगोट सुरू करावेत. दिवाळीनंतरचे असेल तर लंगोटांनीच सुरुवात करता येईल, कारण पहिला पावसाळा येईपर्यंत बाळ सहा-सात महिन्यांचे झालेले असते आणि लंगोटांची संख्या निम्म्यावर येते. तीन डझन लंगोट पुरतात, पावसात आणखी एक डझन लागतो. नवीन मलमल घेतली तर ती चार-पाच वेळा धुऊनच वापरावी, कारण कोरे कापड ओल नीट शोषत नाही. आईची किंवा आजीची जुनी सुती पातळे मिळाली, तर तेवढाही त्रास उरत नाही.