नावेच्या पोटात काय भरलं: अकरा महिन्यांचा हिशेब

अलंगहून, म्हणजे जुनी जहाजं तोडतात तिथून, नाव आणली तेव्हा तिच्या पाटीवर वजन लिहिलं होतं 480 किलो. बडोद्यात तरसालीजवळच्या काट्यावर टेम्पोसकट चढवली, टेम्पो वजा केला, उरले 640. वरचे 160 किलो कशाचे ते ग्राइंडर लावल्यावर कळलं. तळफळीखालून पिवळा पीयू (पॉलियुरेथेन) फोम निघाला, आणि मुठीत दाबला की पाणी गळायचं. आमचा जुना कारीगर म्हणाला, "शेठ, आ तो स्पंज छे."

ही मोठ्या जहाजावरची रेस्क्यू बोट. साडेचार मीटर लांब, नारिंगी, पाच माणसं बसून आणि एक आडवा मावेल एवढी. आंतरराष्ट्रीय नियमात किमान तेवढ्या माणसांची जागा लागतेच. अलंगला जहाज तुटलं की असल्या बोटी रस्त्याकडेच्या वखारींत येऊन पडतात, सोफे, भांडी आणि केबिनच्या दारांच्या शेजारी.

माझा धंदा फायबरचाच. मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत अॅसिडच्या टाक्या, डक्ट, झाकणं करतो. काचेच्या धाग्यांची मॅट, रेझिन, हार्डनर रोज हाताखालून जातं, पण टाकी एका जागी उभी असते, तिला कोणी लाटांवर आपटत नाही. मधे हलकं कोअर घालून दोन्हीकडून फायबरचे पापुद्रे चढवायचे, या सँडविच प्रकाराशी गाठ पहिल्यांदाच पडली. तळफळी, पुढचं डेक, ट्रान्सम (इंजिन टांगायची मागची भिंत), स्ट्रिंगर (तळातले लांब आधार) सगळं उकरून नव्याने बांधलं आणि 2024 च्या दिवाळीत नाव चांदोदला नर्मदेत सोडली. आज अकरा महिने झाले. एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढलाय तिने.

घरातून विरोध होता, आणि तो रास्त होता. 18 जानेवारी 2024 ला हरणीच्या तळ्यात 12 मुलं आणि 2 शिक्षिका बुडाल्या, तेव्हापासून आमच्या दांडिया बाजारातल्या घरात नावेचा विषय काढायची सोय नव्हती. शेवटी बायकोने दोन अटी घातल्या. पाणी भरलं तरी नाव तरंगली पाहिजे, आणि जॅकेट घातल्याशिवाय कोणी आत पाय ठेवायचा नाही. पहिल्या अटीमुळे कुठे कोणतं कोअर घालायचं याची अर्धी निवड आपोआपच झाली.

कोअर करतं काय ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं सगळं अधांतरी वाटेल. जाड वही वाकवून बघा. पानं एकमेकांवर सरकतात म्हणून ती वाकते. तीच पानं फेव्हिकॉलने चिकटवा, मग वाकवून दाखवा. वरचा पापुद्रा दाब घेतो, खालचा ताण घेतो, आणि दोघांना एकमेकांवर सरकू न देणं हे कोअरचं काम. त्याच लॅमिनेटचे दोन भाग करून मधे कोअर घातलं आणि एकूण जाडी दुप्पट केली, तर ताठरपणा साधारण सातपट होतो, वजन मात्र नावापुरतं वाढतं. म्हणून कोअर चेंगरून चालत नाही, पापुद्र्यापासून सुटून चालत नाही, आणि कुजून तर मुळीच चालत नाही.

तळफळीला 20 मिलिमीटरचा पीव्हीसी फोम घातला, घनता 80, म्हणजे घनमीटरला 80 किलो. चौरस मीटरला 1.6 किलो पडतात. त्याच जागी 12 मिलिमीटरचा प्लाय घातला असता तर सातेक किलो झाले असते. शीट मुंबईहून मागवली आणि बिल पाहून दोन दिवस कोणाशी बोललो नाही. पण आज विचाराल तर नावेतला सर्वांत कमी कटकटीचा भाग हाच. माणसं उड्या मारतात, तळफळी लवत नाही. रुपयाच्या नाण्याने ठोकत गेलो तर सगळीकडे एकच टणटण. तक्रार एकच आहे. भाच्याने नांगर हातातून सोडला आणि नखाएवढा खड्डा पडला. 80 चा फोम पसरलेला भार छान घेतो, टोकदार मार घेत नाही. जिथे नांगर, टाचा, डबे आपटणार तिथे 130 घनतेचा घ्यायला हवा होता, किंवा वरचा पापुद्रा जाड.

चिरा पाडलेली शीट मिळते, ती गोलाईवर छान बसते. सपाट जागी ती घेऊ नका. प्रत्येक चीर रेझिन-पुट्टीने भरावी लागते. राहिली तर पुढे पाणी त्या चिरांतून पाटातल्यासारखं फिरतं.

बाल्सा या लाकडी कोअरची गोष्ट लांबलचक आहे. पवनचक्कीच्या पात्यांत ते वापरतात, आणि हालोलकडच्या एका भंगारवाल्याकडे पात्यांच्या कामातली उरलेली बाल्साची पेटी मिळाली. लाकूड दक्षिण अमेरिकेतलं, बहुतेक इक्वेडोरचं, हातात घेतलं की थर्माकोल वाटावं इतकं हलकं. तुकडे आडवे कापलेले, म्हणजे धागे उभे. खोक्यात उभ्या ठेवलेल्या स्ट्रॉ जशा. त्यामुळे वरून दाब फार घेतं. अंगठ्याने दाबलं तर फोमवर वळ उठतो, यावर काही नाही. पेटी शेडमध्ये ठेवली आणि 2024 च्या ऑगस्टात विश्वामित्री नदी शहरात घुसली. बडोद्याबाहेरच्यांना त्या पुरातल्या फक्त मगरी आठवतात. आमच्या शेडमध्ये गुडघाभर पाणी दोन दिवस होतं. पीव्हीसीचे उरलेले तुकडे तरंगत दारापाशी जमा झाले होते, नळाखाली धुतले, पुसले, वापरले. बाल्साचे खालचे दोन थर मात्र फुगून काळे पडले, आठवडाभर उन्हात ठेवूनही दमट बारदानासारखा वास जाईना. टाकून दिले. वरचे कोरडे होते, ते सप्टेंबरात पुढच्या डेकला लावले.

इथे कोणीही म्हणेल, पुरात बघूनही बाल्सा लावलास? लावला, कारण फुकटात पडला होता आणि ताठरपणात तो खरंच वरचढ आहे. पुढच्या डेकवर तीन माणसं उभी राहतात, डेक हूं की चूं करत नाही. पण जूनमध्ये भाच्याने गळाचा दांडा अडकवायला डेकवर एक ब्रॅकेट बसवलं, चार साधे स्क्रू, सिलिकॉनचा टिपूस लावून. ऑगस्टच्या शेवटी नाण्याने ठोकलं तर ब्रॅकेटभोवती ताटाएवढ्या भागात बद्द आवाज. होल-सॉने वरचा पापुद्रा कापून चकती काढली. आतलं लाकूड तपकिरी, नखाने निघत होतं. नशीब एवढंच की उभ्या धाग्यांमुळे पाणी खाली लवकर जातं पण आडवं हळू सरकतं, म्हणून ताटावरच थांबलं. याच भाच्याने तळफळीतही दोन स्क्रू मारले होते, डब्यासाठी. तेही उघडून पाहिले. भोक ओलं, भोवतीचा फोम जसाच्या तसा.

आता नियम केलाय. जिथे बोल्ट जाणार तिथलं भोक आधी दुप्पट मोठं पाडायचं, ड्रिलमध्ये वाकडा खिळा अडकवून दोन पापुद्र्यांमधलं कोअर सेंटीमीटरभर कुरतडून काढायचं, सिलिकाची पूड घालून घट्ट केलेलं इपॉक्सी रेझिन भरायचं, आणि ते वाळल्यावर त्याच्या मधून बोल्टाचं भोक. एका भोकाला दोन दिवस लागतात. भाचा आता ब्रॅकेटचं नाव काढत नाही. माझं मत विचाराल तर कोअरच्या ब्रँडवर वाद घालणाऱ्यांनी त्यातला निम्मा वेळ या भोकांना द्यावा.

ट्रान्समला मात्र फोम नको, म्हणजे हलका तरी नको. इंजिनाचे क्लॅम्प आणि बोल्ट तिथे जीव खाऊन आवळतात, 80 चा फोम चेंगरून जाईल. काचेचे धागे घातलेले जड पीयूचे बोर्ड या कामासाठी मिळतात, ते कधी कुजत नाहीत, पण भाव ऐकून फोन ठेवला. मरीन प्लायच घेतला, 18 मिलिमीटरचे दोन थर इपॉक्सीने चिकटवून. आयएस 710 या मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा शिक्का असलेला प्लाय 72 तास उकळून टिकायला हवा. पहिल्या दुकानाचा तुकडा घरच्या पातेल्यात टाकला, पाच तासांत पुस्तकासारखा उघडला. शिक्का मात्र ठळक होता. दुसऱ्या ठिकाणचा तुकडा तीन दिवस थोडं थोडं करत उकळला, काही झालं नाही. पातेलं आता शेडमध्येच असतं, घरात परत घेतलं नाही. प्लायच्या कडांना इपॉक्सी तीनदा पाजलं, बोल्टांची भोकं वरच्याच पद्धतीने केली. अकरा महिन्यांत एकही तडा नाही.

स्ट्रिंगरसाठी साधा पीयू फोम कापून घातला, कारण तिथे तो फक्त साचा आहे. भार त्याच्यावरून चढवलेल्या फायबरच्या टोपीवर येतो. कोणी थर्माकोल सुचवेल. पॉलिस्टर रेझिनमधलं स्टायरीन थर्माकोल खाऊन टाकतं. आमच्याकडे नवीन पोरगा आला की थर्माकोलच्या कपात दोन चमचे रेझिन ओतून दाखवतो, पुन्हा सांगावं लागत नाही. बाजूच्या पेट्यांना पीईटी (पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक) फोमचे भंगारातले तुकडे लावले. स्वस्त पडले, पण रेझिन फार पितात, घासताना केसाळ होतात. पेट्यांना ठीक, तळाला लावला नसता.

रेझिनबद्दल एकच गोष्ट सांगतो, कारण त्यात माझं एक अख्खं रविवारचं काम वाया गेलं. जुन्या फायबरला नवा जोड द्यायचा तिथे इपॉक्सी चांगलं धरतं, म्हणून मी तिथे इपॉक्सी घेतलं आणि सवयीने रोजची मॅट वापरली. त्या मॅटचे धागे धरणारा चिकटा स्टायरीनमध्ये विरघळतो, इपॉक्सीत तसाच राहतो. मॅट ताठ राहिली, कोपऱ्यात बसलीच नाही. सगळं खरवडलं आणि शिवलेलं बायअॅक्सियल, म्हणजे दोन दिशांच्या धाग्यांचं, कापड आणलं. आणि एकदा इपॉक्सी चढवलं की त्यावर पॉलिस्टर लावू नका, धरत नाही.

ऊन हा आपल्याकडचा खरा मुद्दा, परदेशी माहितीपत्रकात तो छोट्या अक्षरात असतो. तळफळीवर घसरू नये म्हणून एक पट्टा गडद राखाडी रंगवला होता. मे महिन्यात दुपारी दोनला तापमापकाची बंदूक धरली: पांढऱ्या भागावर 48 अंश, राखाडीवर 69. पीव्हीसी फोम तापला की त्यातून वायू सुटतो, आणि त्या पट्ट्यावर लिंबाएवढे दोन फुगे आलेच. फोडून भरले, पट्टा पांढरा केला. उभं राहायला आता दुपारी डोळे दिपतात, पण फुगा नाही.

तरंगण्यासाठी पहिल्यासारखा ओतायचा पीयू फोम पुन्हा भरला नाही. पॉलिथिलीनचे ठोकळे कापून पेट्यांत आणि तळफळीखाली बसवले, बाहेर काढून वाळवता येतील असे. एप्रिलमध्ये काठाशी नाव मुद्दाम पाण्याने भरली, चौघे जॅकेट घालून आत बसलो, काठ पाण्याच्या वर राहिला. बायको घाटावर छत्री घेऊन उभी होती. ती काही बोलली नाही, पण पुढच्या रविवारी डबा तिनेच भरून दिला.

पाण्यात सोडायच्या आधी त्याच काट्यावर वजन केलं होतं, 465. परवा पावसाळा संपल्यावर नाव परत बडोद्याला आणली, वाटेत काट्यावर चढवली. 470. काट्याची पायरीच पाच किलोंची आहे, आणि नांगराचा दोर ओला होता. काटेवाल्याने पावती देताना विचारलं, या वर्षी पण टेम्पो वजा करायचा ना. डेकवरचं ते ताट अजून उघडंच आहे, वाळायला ठेवलंय. दिवाळीपर्यंत पीव्हीसीचा तुकडा घालून बंद करीन.