पाच मेगापिक्सेलचा कॅमेरा 'फोर-के' म्हणून गळ्यात मारला : १८,७०० रुपये गेले

पॉकेट कॅमकॉर्डर १४,५००. ५१२ जीबीचं मेमरी कार्ड २,२००. बाहेरचा माइक १,१००. दोन जादा बॅटऱ्या ९००. एकूण १८,७०० रुपये, फोर्टात सीएसएमटीजवळच्या गल्लीतल्या एका दुकानात. तक्रार चालू आहे म्हणून दुकानाचं नाव लिहीत नाही. पण हाच माल वेगवेगळ्या नावांचे डबे चढवून विकला जातो, त्यामुळे माल कसा ओळखायचा ते सविस्तर लिहिते.

'शेवटचा पीस', कच्चं बिल, भाव पाडल्यासारखं दाखवणं हे मुंबईत कोणाला नवीन नाही, मलाही नव्हतं. डोळे मिटून घेतलेला नाही हा कॅमेरा. काउंटरवर चालू केला, व्हिडिओ घेतला, लावून पाहिला. चित्र छान दिसलं, कारण ते तीन इंची स्क्रीनवर पाहिलं. एवढ्याशा स्क्रीनवर कुठलाही व्हिडिओ रेखीव दिसतो. हे विकणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं, म्हणून तो स्वतःच 'चेक करून घ्या' म्हणतो. लॅपटॉपवर बघते म्हटलं तर उत्तर आलं, 'सील टूटा तो माल वापस नहीं.' डेमोचा पीस वेगळा, हातात द्यायचा सीलबंद वेगळा. संशय यायला हवा होता तो इथे.

आणि त्याहून जास्त जीव जळतो तो डब्याच्या तळाशी छापलेल्या ओळींनी. सेन्सर ५ मेगापिक्सेल. फोटो ४८ मेगापिक्सेल. व्हिडिओ फोर-के, ६० फ्रेम. तिन्ही ओळी एकाखाली एक, बारीक अक्षरात, माझ्या हातात! फोर-के म्हणजे ३८४० गुणिले २१६०, म्हणजे जवळपास ८३ लाख पिक्सेल. पाच मेगापिक्सेल म्हणजे पन्नास लाख; एवढ्या सेन्सरवर, म्हणजे चित्र टिपणाऱ्या भागावर, तेवढे ठिपकेच नसतात. आतली चिप लहान चित्र ताणून मोठी फाइल बनवते आणि फाइलची माहिती उघडली की तिथे फोर-केच लिहिलेलं दिसतं. म्हणून फाइलच्या माहितीवर विसंबू नका, सेन्सरचा आकडा बघा. ८.३ मेगापिक्सेलच्या खाली असेल तर डबा खाली ठेवा आणि निघा.

खरी परीक्षा सोपी आहे. वर्तमानपत्राचं पान भिंतीला लावा, दीड मीटरवरून व्हिडिओ घ्या, मोठ्या स्क्रीनवर शंभर टक्के आकारात थांबवून बघा. नंतर तेच फुल एचडीवर घ्या. दोन्हीत बारीक अक्षरं सारखीच पुसट असतील तर फोर-के खोटं. फिरत्या पंख्याचा व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे सरकवून बघा. या कॅमेऱ्यात प्रत्येक फ्रेम दोनदा येते, म्हणजे ६० म्हणून सांगितलेल्या खऱ्या ३०च. लेन्स फिक्स फोकसची आहे, एक मीटरच्या आत काहीच स्पष्ट दिसत नाही. मी पाककृतींचे व्हिडिओ करते. कढईतली फोडणी जवळून घ्यायची तर मोहरी दिसत नाही, पिवळा-काळा डाग दिसतो. दुकानात मी काय करते ते सांगितलं होतं, तरी हाच पुढे केला.

माइकचं छिद्र आहे, पण चालू माइक आतलाच. तपासायला माइक लावून रेकॉर्डिंग सुरू करा, आधी माइकवर नख घासा, मग कॅमेऱ्याच्या अंगावर. दुसरा आवाज मोठा आला तर बाहेरचा माइक जोडलेलाच नाही. १,१०० रुपये तिथे गेले.

कार्डाचं तर काय सांगावं. कॉम्प्युटर ५१२ जीबी दाखवतो, खरी जागा ३२. त्यापुढे जे भरलं त्याची नावं दिसतात, फाइल उघडत नाही. सणाचं सगळं शूटिंग त्यात गेलं, ते कोण भरून देणार? नवं कार्ड हातात आलं की विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू किंवा मॅकवर एफ३ चालवा. दोन्ही प्रोग्राम फुकट आहेत, पूर्ण कार्ड भरून परत वाचतात. ५१२ जीबीला पाच तासांवर वेळ लागतो, लागू द्या. खऱ्या फोर-केला सेकंदाला १०० मेगाबिट धरले तर मिनिटाला ७५० एमबी होतात, तासाला ४५ जीबी. त्यासाठी व्ही३० (हा लिहिण्याच्या वेगाचा दर्जा) छापलेलं कार्ड घ्या, पण छापलेल्यावर विश्वास चाचणीनंतरच.

परत दुकानात गेले तर दुकानदाराने ओळख दाखवली नाही. यूपीआयवर पैसे गेले ते दुकानाच्या नावावर नाही, कुणा माणसाच्या खात्यात. बिलाच्या जागी 'एस्टिमेट'. डब्यावर आयातदाराचं नाव-पत्ता नाही, एमआरपी नाही. आयात मालाच्या डब्यावर हे छापणं कायद्याने बंधनकारक आहे, मग असा माल राजरोस काचेत कसा मांडला जातो?

पोलीस ठाण्यात गेले. 'मॅडम, हा दिवाणी मामला आहे.' का? तर वस्तू मिळाली ना तुम्हाला. पैसे ऑनलाइन गेलेत तर सायबरकडे जा. सायबरवाले म्हणाले, तुम्ही स्वतः दुकानात जाऊन दिलेत, हा सायबर गुन्हा नाही, ठाण्यातच जा. परत ठाण्यात. साहेब बंदोबस्ताला. अर्ज घेतला, पोच द्यायला तयार नाहीत, शिक्का आत आहे म्हणे. बँकेत विचारलं तर पिन तुम्हीच टाकलात, आता आम्ही काय करणार. अहो, पिन मी टाकला हे मला माहीत आहे! खोटं सांगून पिन टाकायला लावणं म्हणजेच फसवणूक ना? भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ मग कशासाठी आहे? १८,७०० ही रक्कम कुणालाच गुन्हा वाटण्याएवढी मोठी नाही, आणि दुकानं नेमकी त्याच हिशोबावर चालतात. माणूस दोन चकरा मारून दमतो, कामावरची सुट्टी संपते, विषय संपतो. मी दमलेले नाही.

तुमच्यावर अशी वेळ आली तर अर्जाच्या दोन प्रती न्या, पोच घेतल्याशिवाय हलू नका. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करून क्रमांक लिहून ठेवा. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील लागत नाही, आणि २०१९च्या कायद्याने तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. मुदत दोन वर्षं. एमआरपी नसल्याची तक्रार वैध मापन विभागाकडे वेगळी करा.

जीएसटीचं पक्कं बिल नसेल तर रुपयाही देऊ नका. बिलावर मॉडेल आणि सिरीयल नंबर लिहून घ्या, महाराष्ट्रातल्या दुकानाचा जीएसटी क्रमांक २७ ने सुरू होतो, तो पोर्टलवर तिथेच टाकून बघा. लॅपटॉप आणि स्वतःचं कार्ड घेऊन जा. मेनूत विजेची फ्रिक्वेन्सी ६० हर्ट्झ असेल तर ५० करा, नाहीतर आपल्याकडच्या दिव्यांत पट्टे सरकताना दिसतील आणि चांगला कॅमेराही खराब वाटेल. सील काउंटरवरच, मोबाइलवर व्हिडिओ चालू ठेवून फोडा. फसलात तर कार्ड फॉरमॅट करू नका, बॅटरीवरचं लेबल काढू नका, डबा फेकू नका. माझ्या तक्रारीला डब्याच्या तळाचा फोटो जोडला आहे, आणि सेन्सरच्या ओळीखाली लाल पेनाने रेघ मारली आहे.