अ‍ॅली वाँगचे दोन तास: आधी 'बेबी कोब्रा', मग 'हार्ड नॉक वाइफ'

आशियाई वंशाची अमेरिकन विनोदवीर अ‍ॅली वाँग स्टेजवर येते तेव्हा तिला गरोदरपणाचे साडेसात महिने झालेले आहेत. अंगाला घट्ट बसणारा, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा आखूड ड्रेस, डोळ्यांवर चष्मा, आणि पोट झाकायचा जराही प्रयत्न नाही. तरी बराच वेळ ती पोटाचा विषयच काढत नाही. नेटफ्लिक्सवरचा 'बेबी कोब्रा' (2016) हा तिचा स्टँड-अप कॉमेडीचा कार्यक्रम बघताना इकडे लक्ष ठेवा, कारण तासाभराची सगळी गंमत यावर उभी आहे. तोंडाने ती सांगते, मला काम करायचं नाही, नवऱ्याच्या जिवावर घरी बसायचंय. आणि हे सांगताना ती भरल्या दिवसांत उभी राहून कामच करत असते.

फेसबुकची तेव्हाची बडी अधिकारी शेरिल सँडबर्ग हिचं 'लीन इन' हे पुस्तक 2013 मध्ये आलं. बायकांनी कामात मागे राहू नये, पुढे सरसावावं, असा त्याचा सूर. अ‍ॅली म्हणते, मला सरसावायचं नाही, आडवं पडायचंय. मग हार्वर्डमध्ये शिकलेला नवरा कसा गटवला, ते ती अगदी पायरीपायरीने सांगते. शेवटी कळतं की त्याच्या डोक्यावर शिक्षणाचं 70,000 डॉलरचं कर्ज होतं आणि ते हिने टीव्हीच्या कमाईतून फेडलं. हा शेवट आधी कळला म्हणून काही बिघडत नाही. उलट सुरुवातीपासूनची पेरणी नीट दिसते.

आपोआप झालेल्या गर्भपाताबद्दलही ती मोकळेपणाने बोलते. बायका हे कुजबुजतसुद्धा नाहीत, त्यामुळे हा भाग फार मोलाचा आहे. विनोदवीर बाप झाला की आठवड्याभरात स्टेजवर येऊन बाळाच्या नावाने बोटं मोडतो आणि त्याचं नाव आणखी मोठं होतं; आई झालेली विनोदवीर मात्र दिसेनाशी होते, हे तिचं निरीक्षण तर नेमकं वर्मावर बोट ठेवतं.

'हार्ड नॉक वाइफ' (2018) दुसऱ्या गरोदरपणातला. बांधणी पहिल्याइतकी घट्ट नाही, पण ऐवज जास्त. अंगावर पाजण्याचे हाल, बाळंतपणानंतर शरीराची होणारी दशा, सगळं ती वाकून, बसून, हातवारे करून दाखवते. बाळंतपणाची रजा फक्त बाळाशी नातं जुळावं म्हणून नसते, मोडलेलं शरीर सावरायला असते, हा तिचा मुद्दा. ज्या घरांत सव्वा महिना शेक-धुरी, डिंकाचे आणि अळिवाचे लाडू अजून चालतात, तिथे तो लगेच पटेल. तिचा संताप समजायला एक संदर्भ हवा: अमेरिकेच्या 1993 च्या केंद्रीय कायद्यात 12 आठवड्यांचीच रजा आहे, तीही बिनपगारी, आणि खाजगी क्षेत्रात 50 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणीच. आपल्याकडे 2017 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवडे पगारी रजा मिळते. घरकाम करणाऱ्या, शेतावर राबणाऱ्या बाईच्या वाट्याला ती येत नाही, हे वेगळं सांगायला नको.

दोन्हींत कमी पडतात ते वंशावरचे विनोद. आशियाई लोक असे आणि तसे, ही सरसकट वाक्यं लवकर शिळी वाटतात. 2022 मध्ये ती आणि तिचा नवरा वेगळे झाले, त्यामुळे नवऱ्यावरचे काही विनोद आज बघताना थोडे बोचतात.

क्रम उलटा करू नका. पहिल्यातलं घरी बसायचं स्वप्न माहीत असलं, तरच दुसऱ्यातली दमणूक पोचते. बोलणं भरभर आहे, इंग्रजी सबटायटल्स लावूनच बघा. भाषा अतिशय उघडीवाघडी आहे, संभोगाची वर्णनं आहेत. सासूबाई किंवा मुलं खोलीत असताना लावू नका. घरात कुणाला दिवस गेले असतील तर नवरा-बायकोने पहिला भाग एकत्र बघावा, निदान डॉक्टरकडच्या तपासण्यांवरचा तुकडा तरी. नवरा दर तपासणीला सोबत येतो म्हणून त्याचं केवढं कौतुक होतं. पण तपासणी जिची, तीही दर वेळी जातेच की, असं ती तिथे विचारते.